छपरामागे अडलेला देव

लाम्पोनने दोर सोडलाच नाही.

बासरीवाल्याने इशाऱ्याची धून वाजवली, थांबला, पुन्हा वाजवली. रंगमंचामागे माणूस उचलायच्या लाकडी यारीच्या टोकाला पट्ट्याने बांधलेला देव, म्हणजे देवाचं सोंग घेतलेला नट, लोंबकळत होता. तुळई फिरायची, दोर सुटायचा आणि देव छपरावरून अलगद खाली उतरायचा. अथेन्सची निम्मी माणसं तेवढ्यासाठीच येतात, उगाच खोटं कशाला बोला! पण आज त्यांना छपराच्या वर देवाचं सोनेरी डोकं तेवढं दिसत होतं.

"लाम्पोन, अरे फिरव की!" देव वरून कुजबुजला. "पट्टा काचतोय मला."

लाम्पोनने खुंट्याला दोराचा आणखी एक वेढा दिला. भिंतीपलीकडे आईचा मुखवटा घातलेला नट मांडीवरच्या पोरीचे पाय चोळत तेच बोलणं तिसऱ्यांदा म्हणत होता. दुसरं काय करणार बिचारा!

"कोंबडा वाहिला, माझे केस वाहिले. हिचे पाय गार पडलेत, देवा. तू येईपर्यंत मी चोळत बसते. पण ये."

हे बोलणं लाम्पोनच्या बायकोचं, क्लेइटोचं. रोग बरे करणाऱ्या अस्क्लेपिओसच्या देवळात मागच्या हिवाळ्यात ती लेकीला घेऊन सात दिवस बसली होती, तेव्हाचं. शब्द न् शब्द. लाम्पोनने ते एकाच माणसाला सांगितलं होतं.

तो माणूस, म्हणजे नाटकाचा कवी, धावत आला. "सोड दोर! स्पर्धेचे पंच बघतायत!"

"तालमीला नुसती यारी चालवून घेतलीत माझ्याकडून. हे बोलणं आज ऐकतोय मी."

"तुझ्या लेकीसाठीच लिहिलंय रे. सगळे रडतायत, बघ तरी."

"माझ्या घरी जेवलात, रडलात, आणि हे उचलून आणलंत? बरं, आणलंत. मग खरं ते दाखवा की! तो आला नव्हता. पोर गेली."

"देवांचा उत्सव आहे हा! देव न येऊन कसं चालेल?"

"आमचं चाललंच की."

कवीने दोराला हात घातला. लाम्पोनने त्याला खांद्याने असं ढकललं, की तो मुखवट्यांच्या पेटाऱ्यावर जाऊन बसला. प्रेक्षकांत हुर्यो सुरू झाली. कुणीतरी अंजीर फेकलं. लाम्पोनला बरं वाटलं. बसू दे लटकत. होऊ दे छी-थू. हा असाच आहे, हे एकदा साऱ्या गावाला कळू दे.

तेवढ्यात सगळ्यात वरच्या, बायकांच्या बाकांवरून हाक आली.

"अहो! आणा ना त्याला खाली!"

हुर्यो थांबली.

"ऐकताय ना? ती पोर तरी उठू दे!"

आवाज क्लेइटोचा होता. लाम्पोन हादरला. कवी फितूर झाला, समजू शकतो. देव तर आधीपासूनच परका. पण ही? सात दिवस बसलेली ही?

"कोण रे ती बाई?" वरून देवाने विचारलं.

"तुझी भक्त," लाम्पोन म्हणाला.

त्याने खुंट्याचे वेढे काढले, तुळई फिरवली. भिंतीमागून त्याला पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. दोर तळव्यांतून सरकत राहिला आणि मग एकदम हलका झाला. देव पोचला होता.