थोरली

"बाबा, काहीतरी जळतंय."

"तुझी ओढणी वास मारतेय," सासरे म्हणाले आणि गाडी तशीच दामटत राहिले.

म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहाटेपासून दोघांनी अठरा मधपेट्यांना धूर दिला होता, दारांना बारीक जाळ्या ठोकल्या होत्या आणि पेट्या मागच्या ट्रेलरवर दोरांनी करकचून बांधल्या होत्या. सूनबाईला या घरात येऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या साड्यांना, उशांना, इतकंच काय लग्नाच्या अल्बमलासुद्धा धुराचा वास. माश्या पाळणाऱ्यांच्या नाकाला धूर म्हणजे घरचा माणूस. आला काय, गेला काय, कोण विचारतंय!

ऊन चढायच्या आत फुलोरा आलेल्या फळबागेत पोचायचं होतं. कोंडलेली पेटी तापली की आतलं मेण मऊ पडतं, पोळं कोसळतं आणि माश्या त्याखाली चिरडून मरतात. म्हणून आज वाटेत चहा नाही, असं सासऱ्यांनी निघतानाच बजावलं होतं. एरवी ते प्रत्येक चहाला खाली उतरून ट्रेलरच्या चाकांना उलटा हात लावून ती तापलीत का ते बघायचे. आज चहाच नव्हता.

"बाबा, हा आपला धूर नाही. याला ग्रीसचा वास आहे. आणि काहीतरी गोड..."

गोड म्हटल्याबरोबर म्हाताऱ्याचा पाय ब्रेकवर गेला.

ट्रेलरचं डावं चाक धुमसत होतं. सासऱ्यांनी उलटा हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला. चाकावरची फळी जळून काळी ठिक्कर पडली होती. त्या फळीवर नेमकी थोरली होती.

थोरली म्हणजे सगळ्यांत जुनी पेटी. बाकीच्या सतरा तिच्यातल्याच माश्या वाटून फोडलेल्या. त्यांतली एखादी खचली की थोरलीतल्या माश्या देऊन ती पुन्हा उभी करायची. ती गेली तर सतराजणींचं माहेरच गेलं.

"काल मीच आवळला गं या चाकाचा नट," सासरे पुटपुटले. "चाक डुगडुगायला नको म्हणून वर आणखी एक वेढा दिला, नि ते घासून घासून तापलं. अतिशहाणा मी!"

"ते नंतर, बाबा. आधी दोर सोडा."

दोघांनी पेटी उचलून झाडाखाली सावलीत ठेवली. तळाच्या फटीतून मध ठिबकत होता. झाकण उघडायची सोय नव्हती. या परक्या रस्त्यावर माश्या उधळल्या असत्या, तर एकही परत मिळाली नसती. सासरे गुडघ्यांवर बसले, पेटीला कान लावला आणि तसेच थबकले.

"ऐक," ते म्हणाले.

तिने भीत भीत कान लावला. आत सगळं शांत झालं असणार, अशी तिने मनाची तयारी केली होती. आत तर पिठाची गिरणी चालू असावी तसा आवाज होता, एका लयीत.

मग ती दाराशी वाकली. जाळीतून गरम वारा तिच्या तोंडावर आला. आत माश्या रांगा धरून उभ्या होत्या, डोकी खाली, पाय तळाच्या फळीत रोवलेले. पंख इतक्या वेगात हलत होते की दिसतच नव्हते. आतली धग त्या बाहेर ढकलत होत्या. पुढची एक कलंडली. मागची तिच्या अंगावरून पुढे आली आणि तिच्याच जागी उभी राहून पंख मारू लागली. खाली मेलेल्यांचा सडा पडला होता.

"अगं बाई!" ती आणखी खाली वाकली. "कधीपासून चाललंय हे?"

"तुला वास आला तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून असेल. आणि मी मेला ओढणी ओढणी करत बसलो."

तिने बाटलीतलं पाणी जाळीवर शिंपडलं. माश्यांनी ते टिपलं आणि लगबगीने आत नेलं.

"तहान लागलीये बिचाऱ्यांना."

"पिण्यासाठी नाही नेत. पोळ्यावर पसरतात, गार राहावं म्हणून." चाळीस वर्षं माश्या पाळलेल्या माणसाने तिच्या हातातली बाटली घेऊन जाळीवर आणखी थोडं पाणी शिंपडलं.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि जाळीसमोर धरून वारा घालायला लागले.

"बाबा?"

"दमल्यात गं त्या."

तिने गळ्यातली ओढणी काढली, दुहेरी केली आणि दुसऱ्या बाजूने वारा घालायला बसली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "काय आजोबा, पेटीत पाहुणे बसवलेत की काय?" तो हसला. दोघांनी मान वर केली नाही. टोपी आणि ओढणी हलत राहिली. बाटलीतलं पाणी संपलं. सावली पेटीवरून सरकून सासऱ्यांच्या पाठीवर आली, तेव्हा त्यांनी पेटी पुन्हा सावलीत ओढली आणि पुन्हा टोपी उचलली.

बऱ्याच वेळाने जाळीतून येणारा वारा निवला आणि पुढच्या रांगेतली एक माशी थांबली. तिने पंख मिटले, वळली आणि सावकाश आत गेली.

तिच्या जागी दुसरी कोणी आली नाही.