वापर : अडगळ

“मागची खोली. वापर, अडगळ,” घरपट्टीच्या निरीक्षकाने वहीतून वाचलं आणि टेपचं टोक थोरलीच्या हातात दिलं. “धरा. भिंतीला चिकटवून.”

थोरलीने टोक भिंतीला चिकटवलं. त्यासाठी तिला शिलाई मशीन सरकवावं लागलं, गिऱ्हाइकांच्या पँटींचा ढीग पलंगावर टाकावा लागला आणि वाटेतली शेगडी उचलून खिडकीत ठेवावी लागली. अडगळीत इतकी सोय सहसा नसते. निरीक्षकाने आकडा टिपला. लोकांच्या घरात शिरून शिरून त्याने इतकं पाहिलं होतं, की हल्ली त्याला फक्त लांबी आणि रुंदी दिसत असे.

नोंदीचा इतिहास साधा होता. थोरलीचा नवरा गेला त्या वर्षी करखात्याचा माणूस आला होता. त्याने उंबरठ्यावरूनच विचारलं, “मागे काय?” तिचा दीर म्हणाला, “मागे? मागे अडगळ.” त्याने लिहून घेतलं. त्यानंतर जो येई तो ‘पूर्ववत’ लिहून सही करी. माणूस मरतो, भिंत पडते, सरकार बदलतं. ‘पूर्ववत’ला मरण नाही.

मग दिराने घर विकायला काढलं. घेणाऱ्याची एकच अट होती, घर मोकळं पाहिजे. तेव्हा थोरली कचेरीत गेली आणि तिने घराचा उतारा मागितला. खिडकीमागच्या बाईने तो दिला, वर रकान्यांवरून बोट फिरवून समजावलाही. हा मालक, हे राहणारे, ही खोली, हा वापर. मालक दीर. राहणाराही दीर. थोरली कुठेच नव्हती. म्हणजे कागदावर घर मोकळंच होतं. दिराचं बिऱ्हाड नव्या फ्लॅटमध्ये जाणार, राहिली अडगळ. आणि घर सोडताना अडगळीचं काय करतात हे काय कोणाला शिकवायला लागतं? थोरलीने खिडकीतच अर्ज लिहिला. मी इथे राहते, तरी मला कर लावावा.

“वहिनी,” दीर आता दारात उभा राहून आवाजाला साखर लावत म्हणाला, “अडगळीला कर निम्मा असतो. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय?”

“पाय माझाच ना, भावजी? मग पडू दे. निदान इथे पाय होता, एवढं तरी कळेल.”

दिराच्या मागे त्याची बायको, धाकटी, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आधी पाहुण्याला द्यायचा की आधी भांडणाऱ्यांना, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून चहा गार होत होता.

“साहेब, मी मालक आहे,” साखर संपल्यावर दीर म्हणाला. “मी सांगतो, ते लिहा. इथे कोणी राहत नाही. अडगळ आहे.”

निरीक्षकाचं पेन थबकलं. त्याने थोरलीकडे पाहिलं.

“लिहा ना,” थोरली म्हणाली. “आणि खाली लिहा, अडगळीची हरकत आहे.”

निरीक्षक चष्मा पुसत बसला. हसू आलं की तो चष्मा पुसत असे. खात्यात हसायची सोय नव्हती.

“कर कमी करा म्हणणाऱ्यांसाठी आमच्याकडे छापील उत्तर आहे,” तो म्हणाला. “लावा म्हणणाऱ्यांसाठी काहीच नाही. म्हणजे मला आता डोळे उघडून बघावं लागणार.”

त्याने बघितलं. पलंग बघितला, शेगडी बघितली, दोरीवरचा ओला टॉवेल हात लावून बघितला. मग जुन्या शब्दावर काट मारून त्याने लिहिलं, ‘रहिवास’, आणि पुढे थोरलीचं नाव.

“बाई, कराच्या पावतीने मालकी मिळत नाही हं.”

“मालकी मागितली कोणी?”

“पण राहणाऱ्याचं नाव लागलं, की त्याला नोटीस द्यावी लागते. त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. घर मोकळं आहे, असं परस्पर कोणाला सांगता येत नाही.”

“मग झालं तर,” थोरली म्हणाली. “या घरात कोणालातरी माझं ऐकून घ्यावं लागणार. त्यासाठी मी दुप्पट भरीन.”

दीर दारातून आत आला. “साहेब, तो कर मी भरतो! आत्ता भरतो! माझ्या नावावर लावा!”

“खबरदार, माझ्या कराला हात लावाल तर!”

कर चुकवण्यावरून झालेली भांडणं निरीक्षकाने पुष्कळ पाहिली होती. भरण्यावरून झालेलं हे पहिलंच. कुठल्या बाजूने बोलावं ते न कळून तो टेप गुंडाळू लागला.

“एका खोलीपायी सौदा मोडायचा?” दीर ओरडला. “फ्लॅट ठरला, विसार दिला! घरात सगळ्यांनाच जायचंय तिकडे! विचारा, हिलाच विचारा!”

धाकटीला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. फ्लॅटसुद्धा तिला ठरल्यानंतरच दाखवला होता, तोही खालून. त्यामुळे प्रश्न आपल्याला आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. मग तिने पहिला कप थोरलीच्या हातात दिला, ट्रे मशीनवर ठेवला आणि पदराला हात पुसले.

“साहेब, टेप गुंडाळू नका,” ती म्हणाली. “स्वयंपाकघर मोजायचं राहिलंय. तिथे मी राहते.”