मधल्या सुट्टीतली सोबत

खऱ्या मैत्रीला जगातली कोणतीही ताकद तोडू शकत नाही. कोपरच्या त्या शाळेत मात्र हे काम ऑफिसातल्या कारकुनाने जून महिन्यात, चहा निवायच्या आत उरकलं. सातवीची यादी लावताना त्याने रत्नदीपचं नाव 'अ' तुकडीत घातलं, म्हणजे सेमी इंग्रजीत, आणि सर्वेशचं 'ब' तुकडीत, म्हणजे उरलेल्यांत.

बालवर्गापासून दोघे एका बाकावर बसलेले. सर्वेशच्या डब्याचं झाकण रत्नदीपच्या घरी आणि रत्नदीपचं सर्वेशच्या घरी, हे दोघांच्या आयांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

जूनमध्ये रत्नदीप मधल्या सुट्टीत धावत 'ब'च्या दारात यायचा. जुलैत लांबून हात करायचा. ऑगस्टमध्ये नुसती भुवई उडवायचा. गणपतीनंतर भुवईही जागच्या जागी राहू लागली. आता तो 'अ'तल्या बंटीच्या टोळक्यात असायचा. भांडण काही झालं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

सर्वेशने मग एक शोध लावला. पाण्याच्या टाकीसमोर रांगेत उभा राहिलेला मुलगा एकटा दिसत नाही, तहानलेला दिसतो. नंबर आला की दोन घोट प्यायचे आणि परत शेवटी जाऊन उभं राहायचं. दिवाळीपर्यंत त्याच्याइतकं पाणी शाळेत कोणी पीत नव्हतं.

"डबा तसाच आणलास?" आई विचारायची.

"भूक नव्हती."

हे खरंच होतं. पोटात जागा कुठे होती?

डिसेंबरात फळ्यावर सूचना लागली. सातवीच्या दोन्ही तुकड्यांचं खडवलीला दोन दिवसांचं शिबिर. जागा नदीकाठची, म्हणून प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं नाव शनिवारपर्यंत द्यावं. ज्यांना जोडीदार नाही त्यांनी पीटीच्या सरांसोबत चालावं. सातवीतल्या मुलाने दोन दिवस पीटीच्या सरांचा हात धरून हिंडण्यापेक्षा नदीत पडलेलं बरं, असं सर्वेशचं स्पष्ट मत होतं.

सोमवारी तो रांगेत तिसऱ्यांदा उभा असताना खांद्यावर हात पडला.

"काय सर्व्या, किती पाणी पितोस? उंट आहेस का?"

रत्नदीप होता. हातात डबा. मागे बंटी नाही, कोणी नाही.

दोघे जिन्यात बसले. सर्वेशने घाईघाईने स्वतःचा डबा आणला. दोघांनी डबे उघडले. मग रत्नदीपने विचारलं, "तुला सगळ्यात जास्त वाईट कधी वाटतं रे?"

सर्वेशने हातातला घास डब्यात परत ठेवला. इतकं आतलं त्याला आईनेही कधी विचारलं नव्हतं.

"मधल्या सुट्टीत," तो म्हणाला.

"जरा मोठं सांग ना. दोन-तीन वाक्यांत."

सेमीत असंच बोलत असतील, असं सर्वेशला वाटलं. त्याने चार वाक्यं सांगितली. रत्नदीप मान हलवत एकेक शब्द ऐकत होता. जुन्या दिवसांतही त्याने सर्वेशचं बोलणं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

मंगळवारी तो पुन्हा आला. सर्वेशच्या आवडीचा रंग, आवडीचा प्राणी, मोठेपणी काय होणार, सगळं विचारून गेला. आठ वर्षं एका बाकावर बसून ह्याला हे माहीत नाही, याचं सर्वेशला नवल वाटलं. पण नव्याने ओळख करून घ्यायची म्हणजे पहिल्यापासूनच करावी लागणार.

बुधवारी संध्याकाळी तर रत्नदीप घरीच आला, आईचा मोबाइल घेऊन.

"कुठे होतास रे इतके दिवस?" सर्वेशच्या आईने तव्यावर घावन टाकत विचारलं.

"अभ्यास असतो ना, काकू."

"याला पण लाव जरा."

खाऊन झाल्यावर रत्नदीप म्हणाला, "चल, जिन्यात तुझा फोटो काढतो. तिकडे बघ. ए, हसू नको."

"का?"

"तू असाच भारी दिसतोस." मग स्वतः शेजारी बसून त्याने हात लांब केला, दुसरा हात सर्वेशच्या गळ्यात टाकला. "हां, आता हस. आणखी."

सर्वेशला हसायला सांगावं लागलं नाही. थांबवावं लागलं.

गुरुवारी त्याला तहानच लागली नाही. डबा चाटूनपुसून रिकामा बघून आईने देवापुढे साखर ठेवली.

शुक्रवारी रत्नदीपने विचारलं, "आता कसं वाटतं? आधीपेक्षा बरं ना?"

"बरं? एकदम मस्त!"

"मस्त," रत्नदीप समाधानाने पुटपुटला.

घरी आल्या आल्या सर्वेशने शिबिराची चिठ्ठी लिहिली. दोन नावं, शेजारी शेजारी, शाईच्या पेनाने. आठ वर्षं हजेरीतही ती इतकी जवळ आली नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. चिठ्ठी मुठीत धरून सर्वेश ऑफिसबाहेर थांबला. रत्नदीप लांबूनच धावत आला.

"बरं झालं भेटलास! तुलाच शोधत होतो."

"मी पण," सर्वेश म्हणाला. "रत्न्या, खडवलीला आपली जोडी ना?"

"अरे, मी बंटीचं नाव दिलंय. सोमवारीच."

सर्वेशची मूठ मिटलेलीच राहिली. रत्नदीप दप्तरातून एक प्लास्टिकची फाइल काढत होता. पहिल्याच पानावर स्केचपेनने नक्षी काढून लिहिलं होतं : 'मूल्यशिक्षण प्रकल्प. एकाकी विद्यार्थ्याला मैत्रीचा हात. कालावधी पाच दिवस.' खाली दोन रंगीत फोटो. एकात सर्वेश जिन्यात एकटाच : 'उपक्रमापूर्वी'. दुसऱ्यात दोघे, गळ्यात हात, सर्वेशचे सगळे दात दिसतायत : 'उपक्रमानंतर'.

"वीस मार्कांचं आहे रे, आणि बाई आत्ता निघतील," रत्नदीपने पेनाचं टोपण काढून पेन त्याच्यापुढे धरलं. "पटकन सही कर ना. तिथे, खाली, 'लाभार्थी' लिहिलंय ना, त्याच्यासमोर."