खंडेनवमीचं हत्यार

"कुसाइ!" रुचा नाक दाबून ओरडली आणि गॅलरीचं दार धाडकन लावून आत पळाली. मराठी आईबापांची पोर, पण तिला घाण वासही जपानीतच यायचा.

हरीशने तोंडावरचा मास्क खाली ओढला. खोक्यात तारेला टांगलेला धातूचा तुकडा आता काळाकुट्ट दिसत होता. अर्धवट घडवलेला आला होता, उरलेलं काम त्याने घरातच चोरून पुरं केलं होतं. राहिला होता तो रंग. बाकीचे भाग लॅपटॉपच्या बॅगेत जुन्या मोज्यात लपवलेले. सगळं जोडलं की झालं पिस्तूल.

या देशात एवढं घरात सापडलं तरी माणूस आयुष्यातून उठला, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण डोक्यात राख घालून घेतलेल्या माणसाला कोण शिकवणार!

सगळा राग अंबरीषवर होता. पुण्याचा जुना मित्र. त्यानेच हरीशला टोकियोत आणलं आणि त्यानेच कावासाकीच्या ऑफिसात, क्लायंटसमोर, फसलेल्या कामाचं सगळं खापर त्याच्या माथ्यावर फोडलं. नोकरी गेली. बायकोला, सुलेखाला, पत्ता नव्हता. हरीश रोज टाय लावून निशी-कसाई स्टेशनवरून निघायचा, दिवसभर वाट्टेल तिथे हिंडायचा आणि संध्याकाळी दमल्याचं सोंग घेऊन घरी यायचा.

"काय रे करतोयस?" सुलेखा दारात उभी होती.

"ड्रोनचा भाग आहे. कॅमेरा बसवायचाय."

तिने वाकून तो तुकडा नीट पाहिला. 

"छान बसलाय की रंग! वाळला की दे माझ्याकडे. उद्या खंडेनवमी."

"हा कशाला पूजेत?"

"तुझं हत्यार ना ते?"

त्याने झटकन वर पाहिलं. पण ती हसत होती. भोळी बिचारी, त्याने मनात म्हटलं. नाही म्हणावं तर उगाच संशय, म्हणून त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात चौरंग मांडला गेला. लॅपटॉप, कात्री, विळी, खलातला जड पितळी बत्ता, रुचाची बासरी आणि मधोमध तो काळा तुकडा. सुलेखाने त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

"उद्या उत्तरपूजा होईस्तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही हं!"

रुचा खूश. दप्तरही तिने पूजेत सरकवून टाकलं. आणि हरीश? तो दिवसभर पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालत होता. घंटा वाजली की दचकायचा. पार्सलवाला होता. पुन्हा वाजली. शेजारच्या आजी कचऱ्याचं वेळापत्रक बदलल्याचं सांगायला आल्या होत्या. त्यांची नजर चौरंगाकडे वळली तसा हा मध्ये जाऊन उभा राहिला.

दुपारी न राहवून त्याने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

सुलेखा एवढ्या जोरात कधी बोलत नसे. मग लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "एक दिवस, हरीश. माझ्यासाठी."

एका दिवसाने काय बिघडतंय, असं म्हणून तो बाजूला झाला. तिच्यादेखतच त्याने अंबरीषला फोन केला. उद्या दुपारी तामा नदीच्या काठी भेट, सोनं द्यायचंय. पलीकडून "येतो" एवढंच आलं.

दसऱ्याला सकाळी सुलेखाने उत्तरपूजा केली, श्रीखंड-पुरी झाली. रुचा दप्तर घेऊन शाळेत गेली. मग सुलेखाने कापडात काहीतरी घट्ट गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून लावलं.

"हे घे तुझं. तिथे पोचल्यावरच उघड, वाटेत नको. सोनंही घातलंय त्यातच. आपटा कुठला मिळायला इथे, गिंकोची पानं आणली खालच्या रस्त्यावरून. पहिलं अंबरीषला दे."

देतो की, चांगलं देतो, हरीश मनात म्हणाला.

गाडीत डबा मांडीवर होता, मोज्यातले भाग खांद्यावरच्या बॅगेत. वजन बरोबर लागत होतं.  सुलेखा आज दारात फार वेळ उभी होती, हे त्याला उगीचच आठवलं. पोलीस दिसला की तो नजर फिरवायचा. नदीकाठच्या स्वच्छतागृहात शिरायचं, सगळं जोडायचं, मग अंबरीषची वाट बघायची, असं त्याने पक्कं ठरवलं होतं.

पण स्वच्छतागृहाच्या दाराशीच अंबरीष उभा होता. एकटा. चेहरा उतरलेला.

"लवकर आलास," हरीश कसाबसा म्हणाला.

"डबा उघड."

"काय?"

"उघड, हरीश. मी कुठे पळून जात नाहीये."

हरीशने झाकण ओढून काढलं.  कापड बाजूला झालं. आत हळदकुंकू लावलेला पितळी बत्ता होता आणि त्याभोवती गिंकोची हिरवी, दुभंगलेली पानं.

अंबरीषने त्यातलं एक पान उचललं आणि कपाळाला लावलं. त्याचे डोळे भरले होते.

"चुकलं माझं. तुझ्यावर ढकलायला नको होतं," तो म्हणाला. "वहिनींचा सकाळी फोन आला होता. मोज्यातले भाग त्यांना आधीच सापडले होते. तुझं हत्यार पिशवीत घेऊन त्या पोलीस चौकीसमोरच्या बाकावर बसल्यात. तू स्वतः येईस्तोवर पिशवी उघडणार नाही म्हणाल्या."