फूटभर बर्फातून कांचनकडे

"काल परत हात उठला गं, ताई," फोनवर शेजारची कांचन म्हणाली.

उत्तराच्या हातातलं पोह्यांचं ताट तसंच राहिलं. "फार लागलं का?"

"रक्त आलं. राग आला की भानच राहत नाही. मग रडारड, पाया पडणं, परत होणार नाही म्हणून शपथा. सगळं नेहमीचं."

"मेल्या शपथा! पोलिसांना कॉल करते मी."

"नको, नको! जॉब जाईल, सगळ्या सॅन अँटोनियोत तमाशा होईल. पण ताई, दोन दिवस या बर्फाने कोंडून ठेवलंय. एरवी ऑफिस असतं, कार घेऊन कुठेतरी जाता येतं. आज काहीतरी भलतंच होऊन बसेल, असं वाटतंय."

मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. "बास! बास झालं आता!" तिच्या नवऱ्याचा, चारुदत्तचा आवाज, तारस्वरात. आणि फोन बंद.

उत्तराने पुन्हा फोन लावला. वाजतच राहिला.

पंच्याऐंशी सालचा जानेवारी. ज्या गावात जानेवारीतसुद्धा माणसं हाफ शर्टात फिरतात, तिथे शुक्रवारी रात्रीपासून जो बर्फ पडायला लागला तो थांबायचं नावच घेईना. रविवार सकाळपर्यंत फूटभर! बर्फ काढायच्या गाड्या गावात नव्हत्या, आणि बर्फात गाडी चालवायची अक्कल तर कोणालाच नव्हती. उत्तराचा नवरा गिरीश शुक्रवारी ड्यूटीला गेला, तो हॉस्पिटलमध्येच अडकला होता.

तिने पोलिसांना फोन केलाच. पलीकडचा माणूस बिचारा चांगला होता. "मॅडम, गाड्याच घसरतायत. पाठवतो, पण कधी पोचतील ते सांगता येत नाही."

म्हणजे रेखासारखंच. रेखा तिची थोरली बहीण. "सासरी मारतात," म्हणून माहेरी तीन पत्रं पाठवली होती तिने. सगळ्यांनी सांभाळून घ्यायला सांगितलं, उत्तरानेही. चौथं पत्र आलंच नाही, तार आली. त्या दिवसापासून बाईने मनाशी पक्कं केलं होतं की पुन्हा कुणी असं सांगितलं तर उलट प्रश्न विचारायचा नाही, सरळ उठून जायचं.

आणि चारुदत्तवर तिचा संशय होताच. वरवर कसा गोगलगाय! दिवाळीला आला तेव्हा उजव्या हाताला हे एवढं बँडेज. "काच लागली, वहिनी," म्हणून हसला. काच कसली डोंबलाची, उत्तरा मनात म्हणाली, बायकोवर आपटून घेतला असशील. कांचन शेजारी खाली मान घालून बसली होती.

तिने गिरीशचे दोन पायमोजे पायांत चढवले, वर ब्रेडच्या प्लॅस्टिक पिशव्या घालून रबरबँड लावले आणि कॅनव्हासच्या बुटांत पाय कोंबले. बर्फाचं फावडं या गावात कुणाकडे असणार? गॅरेजमध्ये गुलाबांच्या वाफ्याचं होतं, ते घेतलं.

कांचनचं घर मागच्याच गल्लीत. एरवी तीन मिनिटांचा रस्ता! आज पाय टाकला की गुडघ्याएवढा खड्डा. कोपऱ्यावर ती आडवी पडली, कपाळ मेलबॉक्सच्या खांबावर आपटलं आणि डोळ्यांत रक्त उतरलं. ती उठली. दहा पावलांवर पुन्हा पडली. "मेला कुठला बर्फ!" म्हणत पुन्हा उठली. रडत होती, पण थांबली नाही. देवा, त्या पोरीला जिवंत ठेव, एवढंच ती म्हणत होती.

घर दिसलं तेव्हा आतून किंकाळी आली.

"कांचन! आले गं, आले मी!"

ती अंगणात पोचते न पोचते तोच दार धाडकन उघडलं आणि चारुदत्त बाहेर आला. अनवाणी. शर्ट रक्ताने माखलेला.

उत्तराने विचार केला नाही. दोन्ही हातांनी फावडं फिरवलं, ते त्याच्या मांडीवर बसलं. तो कोसळला. कॉलेजात कबड्डी खेळलेली नागपूरची बाई ती! पाठीवर गुडघा रोवला, हात पिरगळून वर नेला आणि मानगूट धरून तोंड बर्फात दाबलं.

"वहिनी... ऐका..."

"एक अक्षर बोलू नकोस! बायकोवर मर्दुमकी गाजवतोस काय, नालायका?" तिने त्याचा हात आणखी पिरगळला. खांद्यात कडकन आवाज झाला. तो ओरडला, पण तोंडात बर्फ गेला. उत्तराला त्या क्षणी खरंच समाधान वाटलं.

"कांचन!" ती दाराकडे ओरडली. "पळ! माझ्या घरी जा, दार उघडंच आहे! मी धरलंय याला!"

तिच्या गुडघ्याखाली चारुदत्त थरथरत होता. बर्फ लाल होत चालला होता. रक्त त्याच्या डोक्याच्या मागून येत होतं, आणि उत्तराचं फावडं तर मांडीला लागलं होतं.

कांचन दारात आली. अंगावर ओरखडाही नव्हता, केसांची वेणी नीट घातलेली. हातात खलबत्त्याचा लोखंडी बत्ता होता आणि त्याला केस चिकटले होते. पडू नये म्हणून ती सावकाश एकेक पायरी उतरली.

"तसाच धरून ठेव, ताई," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."