चाळीस डॉलरची वाटी

चारुदत्तला त्या वाटीतून चौदा हजार डॉलर मिळणार होते. घातले होते चाळीस. ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळात शेअर बाजारावर व्याख्यानं झोडणाऱ्यांनाही असा सौदा साधला नव्हता, हे त्याने बायकोला, निधीला, महिन्याभरात सहा वेळा ऐकवलं होतं.

वाटी कोरियातली, काशाची, सात-आठशे वर्षं जुनी. तळहाताएवढी. जमिनीत पुरलेली राहिल्याने तिच्यावर काळसर हिरवा थर चढला होता, आणि किंमत होती ती त्या थराची.

विकणाऱ्या बाई मिसेस युन. कोरियन वस्तूंचा नाद चारुदत्तला लावला त्यांच्याच नवऱ्याने. गाड्यांच्या कंपनीत दोघं एका मजल्यावर. लोखंडी पट्ट्यांची पेटी उलटी करून का बघायची, सुलेखनातली शाई खरी जुनी कशी ओळखायची, सगळं मिस्टर युननी शिकवलं. "वस्तू आधी डोळे मिटून हातात तोलायची," ते म्हणायचे. ते वारले, घर विकायला निघालं, आणि उरलेलं सामान गराज सेलच्या टेबलावर आलं.

"ही कितीला लावू?" मिसेस युननी त्यालाच विचारलं. नवऱ्याचा शिष्य, दुसऱ्या कुणाला विचारणार?

"जुनं पितळ आहे. वीसला जाईल. तुम्ही आहात म्हणून चाळीस देतो."

नागपूरहून आलेली आई, सुहासिनीबाई, शेजारीच उभी होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "चारू, ते पितळ नाही."

"माहीत आहे."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस? जा, परत देऊन ये."

"आई, हा बिझनेस आहे. तुला नाही कळायचं."

एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला एवढं ऐकवून त्याने गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज मिसेस युनकडे सामान बांधायला मदत म्हणून जाऊ लागली. दोघींना मिळून इंग्रजीचे पन्नास शब्द येत असतील. दोन तास आरामात जायचे.

शिकागोच्या लिलाववाल्यांना फोटो पसंत पडले. शनिवारी वाटी घेऊन या, म्हणाले.

सोमवारी चारुदत्त ऑफिसातून आला, सवयीने काचेच्या कपाटाचा दिवा लावला, आणि जागच्या जागी थिजला. वाटी सोन्यासारखी चमकत होती.

"आई!"

"घासली मी. चिंच आणि मीठ लावून," आई म्हणाली. "किती काळी पडली होती. युनबाईंकडे नेली होती, त्यांच्या सिंकपाशी घासत बसलो दोघी."

पुढची वीस मिनिटं शेजाऱ्यांच्या कुत्र्यानेही भुंकणं बंद केलं. "चौदा हजार डॉलर चिंचेने घासलेस तू! कोणी सांगितलं होतं? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नसतो, एवढी अक्कल नाही?"

"चारू, आईंशी बोलतोयस तू," निधी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस यार! अडाणी आहे ती, अडाणी!"

अडाणी हा शब्द तीनदा आला. आईने तिन्ही वेळा ऐकून घेतला. मग म्हणाली, "रुचाकडचं तिकीट काढ माझं. जाते कॅरीला."

कॅरी गावात राहणाऱ्या बहिणीकडचं तिकीट त्याने दहा मिनिटांत काढलं. बॅगेचे वेगळे पैसे पडले, तेही निधीला ऐकवले. मंगळवारी सकाळी आई मिसेस युनना भेटून आली आणि गेली. विमानतळावर निधीने सोडलं. चारुदत्तची मीटिंग होती.

निम्मे तरी मिळतील या आशेने शनिवारी तो पहाटे निघाला, पाच तास ड्राइव्ह करून शिकागोला पोचला. लिलाववाल्या बाईंनी वाटी उजेडात धरली, एकदा फिरवली, खाली ठेवली.

"ही ती नाही."

"घासली गेलीय, चुकून."

"घासून कड जाड होत नाही. फोटोतली वाटी अस्सल होती. ही तर कोरियनही नाही. तुम्ही हातात तोलून नाही बघितलीत?"

त्याने बघितली नव्हती. रागावलेला माणूस तोलत बसत नाही.

परतीच्या वाटेवर कालामाझूच्या आसपास त्याला सगळा उलगडा झाला. वाटी त्या युन म्हातारीच्या घरी गेली होती! तिने अस्सल ओळखली, आईच्या भोळेपणाचा फायदा घेतला, आणि हातावर भलतीच वाटी ठेवून परत पाठवलं. आणि आपण बिचाऱ्या आईला बोललो! शंभर मैल तो उजळणी करत राहिला. अन्याय आपल्यावर झाला आहे, या विचाराने त्याला जवळजवळ बरं वाटू लागलं.

मिसेस युनच्या नव्या फ्लॅटची बेल त्याने दार उघडेपर्यंत दाबून धरली.

"माझी वाटी द्या! माझ्या आईला फसवलंत तुम्ही. म्हाताऱ्या बाईला काय कळतं, म्हणून तिच्या डोळ्यांदेखत बदललीत? लाज नाही वाटली? चोरी आहे ही! पोलिसांना बोलावतो."

मिसेस युननी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग त्या आत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या.

"तुझी आई मंगळवारी देऊन गेली," त्या हळू म्हणाल्या. "म्हणाली, तो ओरडत येईल, तेव्हा द्या."

पाकिटात विसाच्या दोन नोटा होत्या आणि गणिताच्या बाईंच्या सुबक अक्षरातली चार ओळींची चिठ्ठी.

"चारू, युनबाईंची वाटी मी सोमवारी त्यांच्या हातात दिली. कपाटात ठेवली ती माझी, तळपायांना तूप चोळायची. चोर म्हणायचं असेल तर मला फोन कर. तुझे चाळीस मी भरले आहेत."