सहावा वर्ग

सकाळी मी डॉक्टर हेलविग यांच्या दातांच्या दवाखान्यात साफसफाई करते आणि दुपारी गावच्या दफनभूमीत कबरींवरची फुलझाडं सांभाळते. दोन्ही नोकऱ्या अर्ध्या वेळेच्या. परवा डॉक्टरांना माझ्या नखांतली माती दिसली आणि सगळ्यांसमोर ते सुरू झाले.

"फ्राऊ लोरेन्झ, अजून किती दिवस तिकडे मरमर मरणार? करातली सूट फक्त मुख्य नोकरीला मिळते. दुसरी नोकरी जाते कराच्या सहाव्या वर्गात, म्हणजे पहिल्या सेंटपासून कापाकापी. एवढं साधं कळत नाही?"

"कळतं की."

"मग ती दुसरी सोडून मोकळ्या व्हा! दुपारी मला हाताशी कुणीतरी लागतंच. पगार वाढवून मिळणार नाही, पण निदान सावलीत तरी राहाल."

रिसेप्शनवरची उर्सेल फिसकन हसली. मी फरशी पुसून घरी गेले.

आज सकाळी मी राजीनामा लिहून आणला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि कपाळावर हात मारला.

"अहो बाई, हा मला काय देताय? हा तिकडे द्यायचा!"

दर महिन्याला ते न उघडताच माझ्या हातात टेकवतात, ती पगाराची चिठ्ठी मी त्यांच्यासमोर उलगडली आणि करवर्गाच्या ओळीवर माती लागलेलं बोट ठेवलं.

 

"बरोबर जागी दिलाय, डॉक्टर. मुख्य नोकरी कुठली ते मी ठरवते, आणि सहाव्या वर्गात चार वर्षं तुम्हीच आहात."